नसलेल्या नोकरीतल्या त्रेचाळीस रजा

कसबा पेठ, पुणे
मंगळवार, ९ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप सत्यशीलाताईच्या चरणी दिगूचा साष्टांग नमस्कार. (चरणांना गुडघेदुखी असल्यामुळे नमस्कार जरा हळूच केला आहे असं समज.) तुझे गुडघे, भाऊजींचा रक्तदाब, तेजसचा नवा संसार आणि अकोटची वीज हे सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. वीज नसेल, पण आशा करायला काय जातं. इकडे मी मजेत आहे. प्रकृती उत्तम आहे. वजन थोडं उतरलं आहे, पण ते डॉक्टरांना हवंच होतं, त्यामुळे तक्रार म्हणून लिहीत नाही.

मागच्या महिन्यात तू भर दुपारी फोन केलास आणि मी घरी सापडलो. तू विचारलंस तेव्हा मी आज सुट्टी आहे म्हणालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केलास, पुन्हा मी घरी, पुन्हा सुट्टी. तू फक्त "बरं" म्हणालीस, आणि ते जरा लांबवून म्हणालीस. हे लांबवलेलं 'बरं' माझ्या ओळखीचं आहे. चौथीत मी प्रगतिपुस्तकावर आबांची सही केली होती तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस, आणि संध्याकाळपर्यंत मी आपण होऊन सगळं ओकून मोकळा झालो होतो. आता मी पंचावन्न वर्षांचा आहे, त्यामुळे ओकायला तीन आठवडे लागले. पत्र लांबणार आहे. जेवणं आटोपून वाच. भाऊजींना वाचून दाखवताना माझ्या मूर्खपणाचे भाग गाळलेस तर पत्र निम्मं होईल आणि तुम्हा दोघांची दुपारची झोप वाचेल.

दिगू सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे, असं तू सगळ्या अकोटभर सांगून ठेवलं आहेस. (तेजसच्या लग्नात मुलीकडच्यांनी मला अमेरिकेला कधी जाणार विचारलं, ते तुझ्याच कृपेने.) त्यातली कंपनी खरी आहे, सॉफ्टवेअरही बऱ्यापैकी खरं आहे, फक्त नोकरी नव्हती. खडकीच्या कारखान्यात पंचवीस वर्षं कंप्रेसरच्या माहितीपुस्तिका लिहिल्यावर दोन हजार एक साली आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. (त्यातली स्वेच्छा मालकांची होती, आमच्या वाट्याला नुसती निवृत्ती आली.) बावीस वर्षांचा संसार टाकून शालू गेली, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. घरात बसून भिंतीकडे किती बघणार? बाणेरच्या एका कंपनीत पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करत होते, आणि पडद्यावर मराठी वाक्यं लिहायला त्यांना माणूस हवा होता. तालुक्याच्या पतसंस्थेतल्या कारकुनाने चुकीचं बटण दाबलं तर त्याला पडद्यावर काय दिसावं, हे मी ठरवतो. 'आपण दिलेली तारीख अद्याप उजाडलेली नाही' हे वाक्य माझं आहे. आज ते महाराष्ट्रातल्या शेकडो पतसंस्थांत दिसतं, आणि कुणाला ते कुणी लिहिलं याची चौकशी करावीशी वाटत नाही.

करार अकरा महिन्यांचा होता, दर वेळी नवा. त्यात मला कन्सल्टंट म्हटलं होतं. कन्सल्टंट म्हणजे स्वतंत्र माणूस. तो त्याच्या मर्जीने, त्याच्या वेळेला, त्याच्या जागी बसून काम करतो, कंपनी त्याला त्या कामाचे पैसे देते, आणि त्यापलीकडे दोघांचा काही संबंध नसतो. प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. मी नीट वाचून सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता डबा घेऊन कंपनीत हजर झालो. कुणी ये म्हटलं नव्हतं. पण कुणी येऊ नको असंही म्हटलं नाही. खांबाशेजारी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसलो, आणि सहा वर्षं बसलो. शिवाजीनगरहून कंपनीची बस सुटायची, तिच्यात पुढून तिसरी खिडकी माझी झाली. गळ्यात फोटोचं कार्ड आलं. वाढदिवसाला केक आला, त्यावर 'दिगंबरकाका' असं लिहिलेलं होतं, आणि जागा संपल्यामुळे शेवटचा 'का' बाजूला घसरला होता.

आणि सव्वा वाजताचं जेवण. ताई, हे तुला नीट सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्याच्यासाठीच होतं. आम्ही चौघं एका टेबलावर बसायचो. एक केयूर, प्रोग्रॅम लिहिणारा, वय सव्वीस, मेसच्या डब्याला कंटाळलेला. दुसरी श्रद्धा, हिला दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळतो. (असं काम असतं हे शालूला कळलं असतं, तर तिने बावीस वर्षं ते फुकट केल्याचा दावा लावला असता.) तिसरी सुरुची, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि हजेरी बघणारी, आणि चौथा मी. मी सकाळी साडेपाचला उठून चौघांना पुरेल एवढा झुणका करायचो, आपल्याकडच्या तिखटाचा. केयूरच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो आणखी मागायचा. दोन मुलींचं लग्न ठरणं, एकीचं मोडणं, केयूरच्या आईचं ऑपरेशन, सगळं मी त्या टेबलावर ऐकलं. मला कुणी सल्ला विचारायचं नाही, पण माझ्यादेखत बोलायचे. मला तेवढं पुरत होतं.

आता माझा गुन्हा. कारखान्यात पंचवीस वर्षं मी एकही दिवस न कळवता गैरहजर राहिलो नाही. रजा म्हणजे अर्ज, अर्ज म्हणजे समासाचा कागद, उजवीकडे दिनांक, खाली 'आपला विश्वासू'. कंपनीत पहिल्यांदा मला एक दिवस जाता येणार नव्हतं, तेव्हा आदल्या दिवशी अर्ज लिहून मी सुरुचीच्या टेबलावर ठेवला. ती बिचारी हसून म्हणाली, "काका, तुम्हाला याची गरजच नाहीये, तुम्ही कन्सल्टंट आहात ना." मला ते लागलं. मी म्हणालो, "गरज तुम्हाला नसेल, मला आहे. घेऊन ठेवा." तिने घेतला. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने पेन उचललं आणि कोपऱ्यात 'मंजूर' असं लिहून खाली सही केली. तिथून सहा वर्षं हा परिपाठ चालला. मी अर्ज द्यायचा, तिने मंजूर लिहायचं, आणि एका निळ्या फायलीत लावून ठेवायचं. मोतीबिंदूचा अर्ज. मथुराबाईंच्या टाकीत उंदीर पडला त्याचा अर्ज. (मथुराबाई म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, खालच्या मजल्यावर राहतात आणि वरच्या मजल्यावर लक्ष ठेवतात.) दर वर्षी शालूच्या श्राद्धाचा अर्ज. काही अर्जांत कारण 'घरगुती अडचण' असं दिलं आहे. घरात मी एकटाच असल्यामुळे ती अडचण कोण हे कुणी विचारलं नाही, ही सभ्यता.

शिवाय मी स्वतःला कारखान्याप्रमाणे वर्षाला सातच नैमित्तिक रजा मंजूर केल्या होत्या. आठवी सहा वर्षांत एकदाच मागितली, मोतीबिंदूच्या वेळी. एकूण त्रेचाळीस. तू दर उन्हाळ्यात बोलवायचीस आणि मी रजा शिल्लक नाही असं कळवायचो, ते यातलं. तेजसच्या साखरपुड्याला आलो नाही, तेही यातलंच. ताई, मला कुणी अडवलेलं नव्हतं. मी महिनाभर येऊन राहिलो असतो तरी कंपनीला चाललं असतं. पण रजा शिल्लक नाही असं लिहिताना मला बरं वाटायचं. कुठेतरी आपली गरज आहे आणि आपल्याला सोडत नाहीत, असं वाटायचं. याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

यंदाच्या जूनमध्ये एका अमेरिकन कंपनीने आमच्या कंपनीत भागीदारी घ्यायचं ठरवलं. घर विकत घेण्याआधी भिंतीला ओल आहे का बघतात, तसं बघायला त्यांनी मुंबईच्या एक वकीलबाई पाठवल्या. या बाईंकडे बारा प्रश्नांचा एक कागद होता. कंपनी ज्याला बाहेरचा म्हणते तो खरोखर बाहेरचा आहे, की आतलाच असून त्याला फंड आणि रजा द्यायला नको म्हणून बाहेरचा म्हटलं आहे, हे त्या प्रश्नांवरून ठरतं. याच्या कामाच्या वेळा कोण ठरवतं? खुर्ची, टेबल, संगणक कुणाचा? याला दुसरी गिऱ्हाइकं आहेत का? याच्याऐवजी हा दुसऱ्या कुणाला पाठवू शकतो का? आणि याची रजा कोण मंजूर करतं? शेवटच्या प्रश्नाला सुरुचीने प्रामाणिकपणे निळी फाईल काढून दिली.

वकीलबाईंनी त्रेचाळीसही अर्ज वाचले. (माझं लिखाण इतकं मन लावून आजवर कुणी वाचलेलं नाही.) मग मला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की काका, तुमच्यासारखी अठरा माणसं या कंपनीत कन्सल्टंट आहेत, त्यांच्या बाबतीत आम्हाला शंका होती, पण पुरावा नव्हता. तुम्ही तो सुवाच्य अक्षरात दिला आहे. एका माणसाला नोकर मानलं तर अठरांना मानावं लागेल, मागच्या सगळ्या वर्षांसकट, आणि मग अमेरिकन लोक उठून जातील. आमचे साहेब शेजारी बसले होते. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "दिगंबरराव, तुम्ही आमचेच आहात हो. फक्त कागदावर तसं दिसता कामा नये."

केयूरला हे कळल्यावर तो पेटला. त्याने इंटरनेटवरून चार निकाल काढून आणले आणि जेवताना माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, "काका, यू आर अॅन एम्प्लॉयी, सिंपल! सोडू नका. फंड, ग्रॅच्युइटी, सगळं क्लेम करा. मी येतो साक्षीला." मला त्याचं कौतुक वाटलं. कारखान्यात असताना मीही युनियनच्या बाजूने गेटवर उभा राहिलो आहे, आणि कायदा चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. माणसाकडून घरच्यासारखं राबवून घ्यायचं आणि द्यायची वेळ आली की पाहुणा म्हणायचं, असं करू नका एवढंच तो कायदा सांगतो. बरोबरच सांगतो. पण भांडायचं म्हणजे समोर कोण? फाईल सुरुचीची, सही सुरुचीची. कुठल्यातरी कोर्टात त्या पोरीच्या समोर बसून, बाई तुम्ही माझी रजा मंजूर केली की नाही बोला, असं मी विचारायचं? मला तिच्याबरोबर जेवायला बसायचं होतं. केयूरला हे सांगितलं तर तो म्हणाला, काका तुम्ही फार इमोशनल आहात. असेन.

म्हणून मी दुसरा मार्ग धरला. वकीलबाईंनी सुचवलं की तुम्ही ते अर्ज गैरसमजाने दिले होते आणि ते मागे घेत आहात, असं लिहून द्या. मी घरी जाऊन समासाचा कागद घेतला. 'मी वेळोवेळी सादर केलेले त्रेचाळीस रजेचे अर्ज परत घेण्याची अनुमती मिळावी, ही नम्र विनंती' असा तीन परिच्छेदांचा अर्ज केला, आणि सकाळी सुरुचीच्या टेबलावर ठेवला. सुरुची त्या दिवशी रडवेली झालेली, समोर कागदांचा ढीग, फोन वाजतोय. तिने कागद ओढला, सहा वर्षांच्या सवयीने कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि निळ्या फायलीत लावून टाकला. वकीलबाईंनी दुपारी फाईल उघडली तेव्हा त्यांच्या हाती चव्वेचाळिसावा पुरावा आला. बाई खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यांवरून मला वाटतं त्या हसत असाव्यात, पण मुंबईच्या माणसाचं सांगता येत नाही.

सुरुचीवर कारवाई करायची ठरलं, आणि त्यासाठी तिचे कागद काढले, तेव्हा खरी गंमत बाहेर आली. सुरुची कंपनीची नव्हतीच! कामाला माणसं पुरवणारी एक संस्था आहे, तिच्या पटावर ती होती. सहा वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी म्हणून आली, पुढे तिला आत घ्यायचं सगळे विसरले, आणि तीही विसरली. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी दुसऱ्या नावाने येते हे तिने पाहिलं होतं, पण मोठ्या कंपन्यांचं असंच असतं असं तिला वाटलं. वकीलबाईंना हे कळताच त्यांनी टाळीच वाजवली. रजा मागणारा कंपनीचा नाही, रजा देणारी कंपनीची नाही, म्हणजे कंपनीने कुणालाच कधी रजा दिलेली नाही. दोन परक्या माणसांनी कंपनीच्या जागेत बसून सहा वर्षं एकमेकांशी खाजगी पत्रव्यवहार केला, असा त्याचा अर्थ होतो. प्रकरण मिटलं. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. सुरुचीने निळी फाईल मिटली. मग ती म्हणाली, "काका, जेवायला चला." ते आमचं त्या टेबलावरचं शेवटचं जेवण. केयूरने झुणक्याचा डबा पुसून खाल्ला.

एक ऑगस्टपासून मी नियमाप्रमाणे स्वतंत्र झालो आहे. करार नवा आहे आणि चांगल्या मराठीत आहे. (मीच भाषांतर केलं.) त्यात मी काय करायचं नाही ते लिहिलं आहे: कंपनीत ठरावीक जागी बसायचं नाही, बसने यायचं नाही, कार्ड घालायचं नाही, केक कापायचा नाही, समूहाच्या फोटोत उभं राहायचं नाही, आणि कोणत्याही स्वरूपाचा अर्ज द्यायचा नाही. घरून काम करायचं, स्वतःच्या संगणकावर, वाटेल तेव्हा. सुरुचीचंही त्या संस्थेने काम बदललं, ती आता खराडीला दुसऱ्या कंपनीत असते आणि तिथे तिला जेवायला कोण आहे ते माहीत नाही. शिवाय एक अट आहे: मला दुसरं गिऱ्हाईक हवं. एकाच कंपनीवर जगणारा माणूस स्वतंत्र धरत नाहीत. या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पत्र दाखवलं नाही, तर करार पुढे चालणार नाही.

तर मी असा वाटेल तेव्हा काम करतो. वाटेल तेव्हा म्हणजे नऊ वाजता. साडेपाचला उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, बूटही घालतो, आणि पलंगाशेजारच्या टेबलावर जाऊन बसतो. पहिल्या आठवड्यात झुणका चौघांचाच झाला. हाताला सवय. मग दोन दिवस तोच खाल्ला. आता एकाचा करायला शिकलो आहे, पण एका माणसाच्या झुणक्याला चव येत नाही, बेसन कढईला लागतं. दिवसभरात बोलायला कुणी नाही. परवा मी संगणकावर वाक्य लिहिलं, 'आपण बराच वेळ काही केलेलं नाही, आपण अजून आहात का?' हे कारकून बटण न दाबता बसून राहिला तर दिसायचं वाक्य आहे. लिहिलं आणि उठून गॅलरीत गेलो. खालून मथुराबाई ओरडल्या, "अहो, आज पण सुट्टी का? बूट घालून घरात हिंडू नका, वर धाडधाड वाजतं."

काम नसलं की मी ते बारा प्रश्न घेऊन बसतो. मथुराबाईंना लावून पाहिले. माझ्या जाण्यायेण्याच्या वेळा कोण ठरवतं? मथुराबाई, दहाला दाराला कडी. टेबल खुर्ची कुणाची? त्यांचीच, भाड्यात धरलेली. कामात चूक झाली तर कोण बोलतं? विचारूच नकोस. त्या हिशेबाने मी मथुराबाईंचा नोकर ठरतो आणि त्यांच्याकडे माझा दहा वर्षांचा फंड निघतो. हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. मग गंमत म्हणून शालूला लावून पाहिले. वेळा कोण ठरवायचं? शालू. हत्यारं कुणाची? कढई, पोळपाट, शिवणयंत्र, सगळं तिचं. दुसरं गिऱ्हाईक होतं का? नव्हतं. माझ्याऐवजी मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकत होतो का? इथे मी थांबलो. तिच्या आजारपणात दवाखान्यात रात्रपाळीला तूच बस असं ती म्हणायची, दुसरं कुणी चालायचं नाही तिला. तू आली होतीस तेव्हाही तिने तुला घरी पाठवून मला बसवलं होतं, आणि तुला राग आला होता. ताई, बाराच्या बारा प्रश्नांना मी पूर्ण कायम नोकर ठरलो. बावीस वर्षं मी तिथे पक्का होतो, आणि मला ते कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. मग मी तो कागद घडी करून ठेवला आणि भांडी घासली.

मागच्या बुधवारी मात्र राहवलं नाही. काम इंटरनेटवरून पाठवता येतं, पण मी ते सीडीवर घेतलं आणि दोन बस बदलून बाणेरला गेलो, सव्वा वाजेल अशा बेताने. गेटवरचा रखवालदार मला सहा वर्षं सलाम करणारा. त्याने सलाम केला आणि वही पुढे केली. नाव लिहा, कुणाला भेटायचं लिहा, काम काय लिहा. कुणाला भेटायचं यात मी तिघांची नावं लिहिली, त्यातलं सुरुचीचं त्याने खोडलं. केयूर धावत खाली आला. मला मिठी मारली. म्हणाला, काका वर नेता येत नाही हो, पाहुण्यांना रिसेप्शनच्या पुढे सोडत नाहीत आता, आणि माझा अमेरिकेचा कॉल आहे. पाच मिनिटं आम्ही सोफ्यावर बसलो. माझ्या पिशवीत डबा होता, तो मी काढला नाही. त्याने विचारलं, खांबाशेजारी आता कुणी नवा मुलगा बसतो, त्याला तुमची खुर्ची उंच पडते, तर खाली कशी करायची? मी त्याला तो खटका समजावून सांगितला. येताना बसला गर्दी नव्हती, बसायला जागा मिळाली, तेवढं बरं झालं.

असो. फार झालं. एकंदरीत काळजीचं काही नाही. पुणे आपल्या जागी आहे, खडकवासल्यात पाणी पुरेसं आहे, त्यामुळे मथुराबाई दोन वेळा नळ सोडतात. भाऊजींना माझा सविनय नमस्कार सांग. तेजसला आणि नव्या सूनबाईंना आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना तीळतेल लाव, जिना उतरू नकोस, आणि माझी चिंता करू नकोस. माझी नोकरी नसल्यामुळे ती जाण्याची भीतीही नाही, ही एक सोय आहे.

तुझा धाकटा,
दिगू

ता. क. एक: भाऊजींकडे एक लहानसं काम आहे. त्यांच्या दुकानात फवारणीचे पंप विकतात, त्या पंपाबरोबर येणारं मराठी पत्रक मी तेजसच्या लग्नाला आलो तेव्हा वाचलं होतं. 'पंप पाठीस लावून शेतकऱ्यास चालू करावे' असं त्यात आहे. हे धोक्याचं आहे. ती पत्रकं मी नीट लिहून देईन. त्याबद्दल दुकानाच्या लेटरहेडवर भाऊजींनी मला सल्लागार नेमल्याचं चार ओळींचं पत्र द्यावं, म्हणजे मला दुसरं गिऱ्हाईक मिळेल. एकतीस तारखेच्या आत हवं.

ता. क. दोन: मोबदला नको. पत्रात मला मेहुणा म्हणू नये. मुंबईहून कुणाचा फोन आला तर भाऊजींनी सांगावं की हा माणूस केव्हा येतो, केव्हा जातो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. त्यांना हे सांगायला जड जाणार नाही, ते आजवर तसंच म्हणत आले आहेत.

ता. क. तीन: ताई, वर मी एक खोटं लिहिलं आहे. आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारा ज्ञानदेव म्हणून एक आहे, त्याने मला शुद्धलेखन तपासायला नेमल्याचं पत्र दिलं आणि ते मागच्या शुक्रवारीच कंपनीत पोचलं. वकीलबाईंनी पसंतही केलं. एकतीस तारखेची अडचण आता नाही. तरी भाऊजींचं पत्र मला हवं आहे. फक्त काम असं काढायला सांग, की ते पुण्यात बसून होणार नाही.